पावसात शेल्टरवरचा पहिला मुक्काम: न्यू जर्सीतल्या ॲपलाचियन ट्रेलवर दोघांनी जाताना

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्या माणसाला पावसाचं भय नसतं. न्यू जर्सीत स्थिरावल्यावर तो पहिल्यांदा जंगलात मुक्कामाला निघतो, अंदाजात पाऊस दिसतो आणि तो म्हणतो, "पाऊसच ना? चला." इथे जरा थांबायला हवं. जुलैत राजगडावर दिवसभर चिंब भिजलात तरी हवा उबदार असते, आणि खाली गावात उतरलं की पिठलं-भाकरी मिळते. इकडे मेच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात डोंगराच्या धारेवर पाऊस लागतो तेव्हा पारा ४५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ७ सेल्सिअसपर्यंत उतरलेला असू शकतो, शिवाय वारा. तोच सुती टी-शर्ट इथे भिजला की अंगातली ऊब भराभर ओढून घेतो आणि माणूस कुडकुडायला लागतो.

एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर ट्रेलवरच्या शेल्टरमध्ये पहिली रात्र काढणार असाल, तर पुढच्या सगळ्या सूचना एकाच कामासाठी आहेत असं समजा: दिवसा भिजलात तरी चालेल, पण रात्रीसाठी जे कोरडं ठेवायचं ते काहीही झालं तरी कोरडं राहिलं पाहिजे.

शेल्टर म्हणजे नेमकं काय

ॲपलाचियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जातो. लांबी २,१९० मैलांहून थोडी जास्त. वनतज्ज्ञ बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली ही कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ही सलग वाट पूर्ण झाली. वाटेवर अडीचशेहून जास्त शेल्टर आहेत. त्यातली बहुतेक स्वयंसेवकांनी बांधली आणि आजही तेच ती सांभाळतात. सुट्टीच्या दिवशी फावडी आणि करवती घेऊन जाणाऱ्या या लोकांमुळे आपल्याला डोक्यावर फुकट छप्पर मिळतं, हे तिथे वावरताना मनात असू द्या.

शेल्टरला तीन भिंती, वर छप्पर आणि जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची जमीन असते. चौथी बाजू सताड उघडी. दार, वीज, गादी, नळ यातलं काही नाही. थोड्या अंतरावर एक साधा संडास आणि बहुतेक ठिकाणी जवळपास झरा किंवा ओढा. न्यू जर्सीतल्या शेल्टरांना आरक्षण नसतं, जो आधी येईल त्याला जागा. पावसाच्या दिवशी तर सगळेच छप्पर शोधत येतात. त्यामुळे दोघांचा तंबू बरोबर हवाच. "शेल्टर आहे ना, मग तंबू कशाला उचलायचा" हा हिशोब संध्याकाळी सहा वाजता आठ ओल्या माणसांनी भरलेल्या शेल्टरपुढे कोलमडतो.

पहिल्या वेळी कुठे जावं

या राज्यातून ट्रेलचे साधारण ७२ मैल जातात आणि त्यातला मोठा भाग किटाटिनी नावाच्या लांबच लांब डोंगररांगेवरून जातो. नवख्यांना मी स्टोक्स स्टेट फॉरेस्टमधलं ग्रेन अँडरसन शेल्टर सुचवते. रूट २०६ वर कल्व्हर्स गॅप नावाची खिंड लागते. तिथे ट्रेलच्या वाहनतळावर गाडी लावायची आणि उत्तरेकडे चालायला लागायचं. सुरुवातीला चढ, मग आगीवर नजर ठेवण्यासाठी उभारलेला कल्व्हर टॉवर, आणि एकूण तीनेक मैलांवर शेल्टर. जवळ झरा आहे. सकाळी उघडीप मिळाली तर सामान आवरून आणखी अडीच मैलांवरच्या सनराइज माउंटनवर जाऊन येता येतं. तिथल्या दगडी मंडपातून दोन्ही बाजूंच्या दऱ्या दिसतात. मंडप बघून कितीही मोह झाला तरी तिथे मुक्काम करायला परवानगी नाही.

हे ठिकाण निवडायचं खरं कारण अंतर आहे. तीन मैल म्हणजे रात्री काही बिघडलं तर डोक्याला बॅटरी लावून गाडीपर्यंत परत येता येईल इतकं जवळ. पहिल्या पावसाळी मुक्कामाला परतीची ही सोय लाखमोलाची असते.

न्यू जर्सीचे नियम बऱ्याच राज्यांपेक्षा कडक आहेत, ते निघण्याआधी माहीत हवेत. ट्रेलवर शेकोटी पेटवायला पूर्ण बंदी आहे. शेल्टर आणि ठरवून दिलेल्या जागांखेरीज कुठेही तंबू ठोकता येत नाही. म्हणजे "भिजलो तर शेकोटीवर कपडे वाळवू" हा बेत मुळातच रद्द. गाडी रात्रभर ठेवायची असल्यामुळे स्टोक्सच्या कार्यालयात आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. शिकारीच्या हंगामात जाणार असाल तर दोघांच्याही अंगावर भडक केशरी जाकीट किंवा टोपी असू द्या.

अंदाज कसा वाचायचा

फोनवरचा अंदाज बहुधा गावाचा असतो, धारेचा नसतो. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर नकाशात नेमक्या डोंगरावर टिचकी मारा, त्या ठिकाणचा तासातासाचा अंदाज मिळतो. दर हजार फूट उंचीला साधारण साडेतीन अंश फॅरनहाइटने हवा गार होते असं धरा.

नुसती रिपरिप किंवा संततधार असेल आणि रात्रीचं तापमान पन्नाशीच्या वर असेल तर खुशाल जा. पाऊस आणि चाळिशीतली थंडी एकत्र येत असेल तर पहिल्या वेळी नको. गडगडाटी वादळाचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला, यात घासाघीस नाही. उघडं शेल्टर विजेपासून संरक्षण देत नाही. जोराच्या वाऱ्याचा इशाराही तितकाच गंभीर घ्या. एका किडीमुळे इथली ॲशची झाडं मोठ्या संख्येने मेली आहेत, आणि भिजलेल्या मातीत वाळकं झाड वाऱ्याने सहज आडवं होतं.

सामान: ओलं कुठलं, कोरडं कुठलं

सुती कपडा घरी ठेवा. जीन्स तर नकोच. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, त्यावर पातळ फ्लीस आणि सर्वांत वर चांगलं रेनजॅकेट. हे जॅकेट आदल्या आठवड्यात घरच्या शॉवरखाली घालून बघा. पाणी आत येत असेल तर ते तिथेच कळलेलं बरं.

सॅकला वरून घालायचं कव्हर बहुतेकांकडे असतं, पण पाठीकडून आणि पट्ट्यांच्या फटीतून पाणी झिरपतंच. खरा भरवसा आतल्या पिशवीवर. कचऱ्यासाठी मिळणारी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालून तिच्यात सामान भरायचं आणि तोंड पिळून खाली दुमडायचं. एवढ्याशा खर्चात याहून चांगला उपाय मला माहीत नाही. या पिशवीत काय जातं ते ठरलेलं असावं: स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे, लोकरी मोजे, उबदार टोपी. ओला तंबू, रेनजॅकेट, पाण्याचा फिल्टर हे सगळं पिशवीच्या बाहेर. चालता चालता कितीही थंडी वाजली तरी झोपायचे कपडे पिशवीतून बाहेर काढायचे नाहीत. तो एक जोड रात्रीसाठी राखून ठेवलेला.

पिसांची स्लीपिंग बॅग हलकी आणि मस्त उबदार असते, पण ओली झाली की पिसं गोळा होतात आणि ऊब जाते. पावसाळी मुक्कामाला कृत्रिम भरणाची बॅग थोडी जड असली तरी मी तीच नेते. खाली अंथरायची मॅट विसरू नका, फळ्यांखालून गार हवा खेळत असते.

दोघं असल्याचा फायदा वजनात दिसतो. तंबूचं कापड एकाकडे, काठ्या आणि खिळे दुसऱ्याकडे. स्टोव्ह एकाकडे, गॅसचा डबा आणि भांडं दुसऱ्याकडे. फिल्टर एकच पुरतो. पण काही गोष्टी वाटायच्या नसतात. स्लीपिंग बॅग, रेनजॅकेट, कोरडा जोड, डोक्याची बॅटरी, शिट्टी, पाणी आणि एका वेळचं खाणं हे प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र हवं. धुक्यात चुकामूक झाली तर "टॉर्च तुझ्याकडे होता ना" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही.

नकाशा छापील घ्या. न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स या पायवाटा सांभाळणाऱ्या संस्थेचे किटाटिनीचे नकाशे न भिजणाऱ्या, न फाटणाऱ्या कागदासारख्या पदार्थावर छापलेले असतात. फोनला रेंज असेलच असं नाही, आणि ओल्या बोटांना फोन दाद देत नाही. घरी थांबणाऱ्या कुणाला तरी लिहून द्या: कुठे गाडी लावणार, कुठल्या शेल्टरवर झोपणार, उद्या किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करायची.

निघण्याआधी दोघांत ठरवायचं ते

चालण्याचा वेग हळू चालणाऱ्याचा. दोघांपैकी कुणीही "परत फिरूया" म्हणालं तर परत फिरायचं, कारण विचारायचं ते गाडीत बसल्यावर. आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. अंगातली ऊब उतरायला लागली की ते ज्याचं त्याला आधी कळत नाही, शेजारच्याला कळतं. माणूस अडखळायला लागतो, शब्द तोंडातल्या तोंडात राहतात, हातातून वस्तू निसटतात, उगाच चिडचिड होते.

एकदा माझी एरवी अखंड बोलणारी मैत्रीण अर्धा मैल गप्प चालली आणि मग तिला जॅकेटची चेन लावता येईना. तेवढं पुरेसं होतं. आम्ही तिथेच थांबलो, तिच्या डोक्यावर लोकरी टोपी घातली, लाडू खायला लावला आणि थेट शेल्टर गाठून कोरडे कपडे चढवले. पुढच्या अर्ध्या तासात तिची बडबड सुरू झाली तेव्हा मला फार बरं वाटलं. कुडकुडणारा माणूस अजून झगडत असतो. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं अचानक थांबलं आणि तो सुस्त झाला तर ती आणीबाणी समजा. ओले कपडे उतरवून त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घाला आणि ९११ ला फोन करा.

खाणं

पावसात भूक दुपटीने लागते, आणि स्टोव्हपाशी उभं राहायचा उत्साह निम्मा होतो. म्हणून उकळतं पाणी ओतलं की तयार होईल असंच न्यावं. आपलं स्वयंपाकघर या कामात फार पुढे आहे. घरी रवा भाजून, मोहरी-कढीपत्ता-मिरचीची फोडणी घालून, मीठ-साखर मिसळून पिशवीत भरला की उपम्याची तयारी झाली. मिनिटभात (म्हणजे उकळत्या पाण्यात झटपट होणारा तयार भात), मेतकूट आणि छोट्या बाटलीत तूप: गारठलेल्या रात्री याच्याइतकं पोटाला आणि मनाला लागणारं दुसरं काही नाही. सकाळसाठी पातळ पोहे, दूध पावडर, गूळ पूड आणि सुकं खोबरं. वाटेत खायला बेसनाचे किंवा डिंकाचे लाडू, चिक्की, मेथीचे ठेपले. हे सगळं जॅकेटच्या खिशात ठेवा, म्हणजे सॅक न उघडता चालता चालता खाता येतं. खिचडीचा मोह मात्र टाळा, डाळ शिजेपर्यंत गॅस संपतो.

चहा पावडर, साखर, सुंठ आणि दूध पावडर आधीच एकत्र करून ठेवा. पोहोचल्यावर पंधरा मिनिटांत हातात चहा आला पाहिजे.

पाणी झऱ्याचं असलं तरी गाळून घ्यायचं. जोराच्या पावसानंतर ओढ्याचं पाणी गढूळ होतं आणि फिल्टर तुंबतो. भांड्यात थोडा वेळ निवळू द्या, वरचं पाणी रुमालातून गाळा, मग फिल्टरला लावा. फिल्टर चाललाच नाही तर खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा.

वाटेवर

पांढऱ्या पट्ट्यांच्या मागे जायचं. दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पट्टा झाडावर किंवा खडकावर रंगवलेला असतो. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण किंवा लक्ष द्यायची जागा. निळा पट्टा म्हणजे शेल्टरकडे किंवा पाण्याकडे जाणारी बाजूची वाट. बराच वेळ पट्टा दिसला नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या पट्ट्यापर्यंत परत या.

किटाटिनीचे खडक पावसात दगाबाज होतात. वर शेवाळ, खाली गुळगुळीत कातळ, त्यावर ओकची ओली पानं. पाऊल पूर्ण टेका, उड्या मारू नका, उतारावर काठ्या वापरा. मुळांवर पाय देऊ नका, ती खडकापेक्षाही निसरडी. चढावर घाम यायला लागला तर जॅकेटची चेन उघडा किंवा आतला फ्लीस काढा. घामानेही माणूस तितकाच भिजतो.

अंधार पडायच्या किमान दोन तास आधी पोहोचायचं. त्यासाठी दुपारी बारापर्यंत गाडी सोडलेली बरी.

शेल्टरवर पोहोचल्यावर

हा भाग नीट वाचा, कारण रात्र इथे ठरते.

आत शिरण्याआधी बाहेरच जॅकेट झटका आणि कडेला बसून बूट काढा. कोरड्या फळ्यांवर चिखलाचे बूट घेऊन फिरणं म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणावर फिरणं. आत कुणी असेल तर हाय म्हणा, दोघांपुरती जागा आहे का विचारा. पाऊस असेल तर लोक आपणहून सरकतात, आणि तुम्हीही नंतर येणाऱ्यांसाठी सरका. जागा असली तरी तंबू आत उभारायचा नाही.

मग लगेच, बसायच्या आधी, कपडे बदला. दमलेलं शरीर म्हणतं "आधी जरा टेकूया", आणि त्या टेकण्यात थंडी भरते. ओले कपडे पूर्ण उतरवून, अंग पुसून, कोरडा जोड, टोपी, मोजे. एकाने कपडे बदलेपर्यंत दुसऱ्याने पाणी आणावं, मग अदलाबदल. ओले कपडे भिंतीवरच्या खुंट्यांना किंवा दोरीला लावा. ते वाळणार नाहीत, निथळतील एवढंच.

स्टोव्ह उघड्या बाजूच्या कडेला, अंथरुणांपासून लांब. तंबूत राहायची वेळ आली तर तंबूच्या आत स्टोव्ह कधीच पेटवायचा नाही. आगीचा धोका आहेच, त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याचा वासही येत नाही. तंबू लावताना आधी वर बघा: वाळकं झाड किंवा लोंबकळणारी फांदी असेल त्याखाली नको. मग खाली बघा: पाणी साचेल असा खळगा नको.

जेवण झालं की सगळं खाणं अस्वलपेटीत. न्यू जर्सीच्या या कोपऱ्यात काळी अस्वलं भरपूर आहेत आणि शेल्टरपाशी त्यासाठी लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात. खाणं म्हणजे फक्त डबे नव्हेत. टूथपेस्ट, लिप बाम, रिकामी पाकिटं, हिंगाचा वास लागलेलं भांडं, खिशातली अर्धी चिक्की, सगळं पेटीत जातं. आपल्या मसाल्यांचा वास लांब जातो, म्हणून हे दोघांनी एकमेकांचे खिसे तपासून करावं. अस्वल दिसलंच तर पळायचं नाही. मोठ्याने बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं.

अस्वलापेक्षा भेट नक्की होते ती उंदरांशी. शेल्टरच्या फटींत ते पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सॅक रिकामी करून टांगा आणि तिचे सगळे कप्पे उघडे ठेवा. बंद कप्पा दिसला की उंदीर कुरतडून आत शिरतो, उघडा असला की डोकावून निघून जातो.

रात्र

ट्रेलवर रात्री नऊला मध्यरात्र मानतात. लांब पल्ल्याचे पदयात्री दिवसभर चालून थकलेले असतात, तेव्हा आवाज खाली, बॅटरीचा लाल दिवा, गप्पा कुजबुजत. घोरण्यासाठी कानात बोळे न्या.

वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो आणि उघड्या बाजूचे पहिले दोन-तीन फूट भिजतात. पाय त्या बाजूला, डोकं आतल्या भिंतीकडे ठेवा आणि स्लीपिंग बॅगच्या पायथ्यावर रेनजॅकेट पालथं पसरून घाला. गार वाटत असेल तर झोपायच्या आधी दोन लाडू खा, आणि झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी घ्या. लघवीला जायचा कंटाळा करू नका, गेल्यावरच झोप लागते. संडासापर्यंतची वाट उजेडात एकदा बघून ठेवा.

पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मनात सगळ्या शंका येतात. अंग कोरडं आहे, मैत्रीण शेजारी आहे, गाडी तीन मैलांवर आहे. झोपा.

सकाळी आणि घरी

सकाळी ओले मोजे पुन्हा पायात घालणं हा या सगळ्यातला सर्वांत नावडता क्षण, आणि तो टाळायचा नाही. कोरडा जोड पुन्हा पिशवीत गेला पाहिजे, कारण दुपारी पुन्हा भिजलात तर आधार तोच. शेल्टरमधल्या वहीत तारीख, दोघांची नावं, पाण्याची आणि वाटेची स्थिती लिहा. मागून येणाऱ्याला तिचा उपयोग होतो, आणि शोध घ्यायची वेळ आली तर बचाव पथकालाही. मराठीत दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, पण तारीख आणि वाटेची माहिती इंग्रजीतही लिहा. केर काढा, स्वतःचा आणि आधीच्यांचा दिसेल तो कचरा बरोबर घ्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी तंबू बाथरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये पसरून वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून न ठेवता मोकळी टांगा. आणि गरम पाण्याने अंघोळ करताना गोचिडी शोधा: गुडघ्याच्या मागे, काखेत, कमरेपाशी, केसांत, कानामागे. पाठ आणि मान एकमेकांची बघावी. न्यू जर्सीत हरणांवरच्या गोचिडीपासून लाइम रोग होतो आणि तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढंच असतं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा काडीचा चटका नको. २४ तासांच्या आत काढली तर धोका बराच कमी होतो. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांकडे जा आणि जंगलात मुक्काम केला होता हे पहिल्याच वाक्यात सांगा.